तीन सिगार आणि मक्याचं शेत

गेले दोन महिने एक कथा लिहितेय, अमेरिकन यादवीतली, म्हणजे गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत पेटलेल्या युद्धातली. इतिहास जिथे वळला, तिथेच त्याला दुसऱ्या वाटेला लावायचं. सप्टेंबर १८६२. मेरीलँडमध्ये फ्रेडरिक गावाजवळ उत्तरेच्या एका शिपायाला गवतात लिफाफा सापडतो. आत तीन सिगार, आणि त्यांना गुंडाळलेला कागद म्हणजे दक्षिणेच्या जनरल लींचा लेखी हुकूम! माझ्या कथेत तो लिफाफा सापडतच नाही.

आज सकाळी मक्याची कणसं सोलताना हातच थांबला. १७ सप्टेंबरला अँटिएटमची लढाई पहाटे पेटली ती मक्याच्या शेतात. एका दिवसात सुमारे २३,००० माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. म्हटलं, आपल्या कथेत ही कणसं बोलू देत. एकेका कणसाच्या तोंडी एकेका शिपायाचं नाव.

पण लिफाफा सापडला नाही, तर उत्तरेला लींचा बेत कळणार नाही. मग ही लढाईच झाली नाही तर? राष्ट्राध्यक्ष लिंकन उत्तरेच्या विजयाची वाट बघत थांबले होते. लढाईनंतर पाचच दिवसांत त्यांनी गुलामांच्या मुक्तीचा पहिला जाहीरनामा काढला. माझ्या कथेत शिपाई सुखरूप घरी जातात, आणि जवळपास ४० लाख माणसं साखळदंडातच राहतात. ती गुलामी मोडली म्हणून जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. इतक्या लांबून त्यांना ते आपलं वाटलं. मी ते कसं खोडू?

दुपारी लिफाफा परत गवतात ठेवला. कणसं मात्र बोलतीच ठेवलीत. आता जेवणं आटोपली की पुन्हा पहिल्या पानापासून.