मकाऊची गिया रेस: टूरिंग कारच्या हंगामाचा शेवट बघायला जाणाऱ्यांसाठी

टूरिंग कार रेसिंगचा अख्खा हंगाम फिरून बघणं आपल्यासारख्यांच्या खिशाला झेपणारं नाही. २०२४ च्या टीसीआर वर्ल्ड टूर या टूरिंग कारच्या जागतिक मालिकेचंच बघा. एप्रिलमध्ये इटलीतलं वालेलुंगा, मग मराकेश, अमेरिकेतलं मिड-ओहायो, ब्राझीलचं इंटरलागोस, उरुग्वेचं एल पिनार, चीनमधलं झूझोऊ आणि शेवटी १४ ते १७ नोव्हेंबरला मकाऊ. यातली एकच फेरी बघायची असेल तर मकाऊ बघा, असं मी छातीठोकपणे सांगेन. बाकी बहुतेक ट्रॅकवर गाडी चुकली तर वाळूत जाते, ड्रायव्हर मागे घेऊन परत येतो. इथे वाळू नाही, गवत नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे आणि मध्ये गावातला रोजचा रस्ता.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टीसीआर म्हणजे बाजारात मिळणाऱ्या गाडीच्या सांगाड्यावर बांधलेली रेसची गाडी. दोन लिटरचं टर्बो इंजिन, ताकद साधारण ३५० हॉर्सपॉवर, आणि जोर फक्त पुढच्या चाकांवर. ह्युंदाई एलांट्रा, होंडा सिव्हिक, ऑडी आरएस३, लिंक अँड को. यातल्या एलांट्रा आणि सिव्हिक आपल्या रस्त्यांवरही होत्या, म्हणून त्या गॅरेजच्या दारातून निघताना पाहिल्या की जवळच्या वाटतात. मार्चेल्लो लोत्ती यांनी हे नियम २०१५ मध्ये आणले. कारखान्याचा संघ नसलेल्यालाही तयार गाडी विकत घेऊन उतरता यावं, हा त्यामागचा विचार. म्हणूनच वर्ल्ड टूरचे मोजके ड्रायव्हर जिथे जातात तिथल्या स्थानिक गाड्या त्यांच्याबरोबर धावतात. मकाऊत तर गावातली पोरं जगज्जेत्यांच्या बंपरला बंपर लावून उभी असतात आणि स्टँडमधला सगळ्यात मोठा आरडाओरडा त्यांच्यासाठी असतो.

मकाऊ ग्रां प्री १९५४ पासून चालू आहे. मुळात गावातल्या काही हौशी मंडळींनी मोटारीतून खजिना शोधण्याचा खेळ आखला होता, त्याची पहिल्याच वर्षी रेस झाली. टूरिंग गाड्यांची गिया रेस १९७२ ची. वर्ल्ड टूरिंग कार चॅम्पियनशिप पुन्हा सुरू झाली तेव्हा, २००५ ते २०१४, हंगामाची शेवटची फेरी इथेच असे आणि अँडी प्रीओने आपली तिन्ही जागतिक अजिंक्यपदं इथेच पक्की केली. २०१८ मध्ये ५६ वर्षांच्या गॅब्रिएले तारक्विनीने यवान म्युलरला अवघ्या ३ गुणांनी मागे टाकून अजिंक्यपद घेतलं, तेही इथेच. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी टीसीआर वर्ल्ड टूरचा निकाल लागला तो मकाऊत, आणि दोन्ही वेळा जिंकला हंगेरीचा नॉर्बर्ट मिहेलिस. वर्षभराची मेहनत ६ किलोमीटरच्या या अरुंद गल्लीत पणाला लागते, हे डोक्यात ठेवून बसलात की प्रत्येक लॅपचा अर्थ बदलतो.

आता जायचं कसं. मुंबईहून हाँगकाँगला थेट विमान मिळतं. भारतीय पासपोर्टवर मकाऊला ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. हाँगकाँगसाठी मात्र निघण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. ती फुकट आहे, त्यावर एका वेळी १४ दिवस राहता येतं, आणि मंजुरीचा कागद छापून जवळ ठेवायचा. ही नोंदणी तिकीट काढायच्या आधीच करा, कारण काहींची ऑनलाइन नामंजूर होते आणि मग रीतसर व्हिसाचा अर्ज करण्यात आठवडे जातात. दोन्हीकडे पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटी चिठ्ठी देतात. ती हॉटेलात दाखवावी लागते, सांभाळून ठेवा.

हाँगकाँगहून पुढे दोन वाटा. एक फेरीबोट, शुंग वान भागातून, सुमारे एक तासाची. ती मकाऊच्या आउटर हार्बरला लागली की समोरच पिटची, म्हणजे रेसच्या गाड्या उभ्या करून दुरुस्त करतात त्या जागेची, इमारत दिसते. दुसरी वाट म्हणजे २०१८ साली खुला झालेला ५५ किलोमीटरचा समुद्रावरचा पूल. त्यावरून चोवीस तास बस चालते, बोटीपेक्षा बरीच स्वस्त, आणि चाळीसेक मिनिटांत पलीकडे. मी म्हणेन जाताना पूल, कारण रात्री-बेरात्री विमान उतरलं तरी बस असते. पलीकडच्या नाक्यावरून गावात जायला १०१ एक्स आणि १०२ एक्स या सिटी बस आहेत. तिकीट ६ पटाका (मकाऊचं चलन), पण सुटे हवेत, मोड परत मिळत नाही. हाँगकाँगचं ऑक्टोपस कार्ड या बसमध्ये चालत नाही. हाँगकाँग डॉलर मात्र सगळीकडे बिनबोभाट घेतात, एकास एक भावाने. पटाका मकाऊबाहेर बदलायला त्रास होतो, म्हणून गरजेपुरतेच घ्या.

राहण्याचा खर्च हा या सहलीतला खरा चिमटा. रेसच्या आठवड्यात हॉटेलांचे भाव आभाळाला भिडतात. सीमेपलीकडे चीनच्या झुहाईमध्ये खोल्या स्वस्त दिसतात, पण आपल्याला तिथे चिनी व्हिसा लागतो, तेव्हा त्या मोहात पडू नका. माझा सल्ला ताइपा बेटावर राहायचा. जुन्या वस्तीत लहान हॉटेलं आहेत आणि तिथून हलकी मेट्रो मुख्य मकाऊ द्वीपकल्पावरच्या ‘बारा’ (Barra) नावाच्या भागापर्यंत येते, तिथून पुढे बस. द्वीपकल्पावर अगदी ट्रॅकशेजारी खोली घेतली तर सकाळी सहा-सातपासून इंजिनांचा आवाज खिडकीत येणार. काहींना तेच हवं असतं. मलाही आवडलं असतं, पण दुप्पट पैसे देऊन नाही.

तिकिटांबद्दल नीट सांगतो, कारण इथे बरेच जण चुकतात असं आजूबाजूच्या गप्पांवरून वाटलं. विक्री रेसच्या काही आठवडे आधी सुरू होते. ऑगस्ट-सप्टेंबरपासून ग्रां प्रीच्या अधिकृत संकेतस्थळावर नजर ठेवा. गुरुवार-शुक्रवार सराव आणि पात्रता फेऱ्या, शनिवार-रविवार रेस. सरावाच्या दिवसांचं तिकीट रेसच्या दिवसांच्या मानाने अगदी किरकोळ असतं, आणि टूरिंग कारसाठी तेच दिवस सोन्याचे. मुख्य स्टँडमधून सुरुवात, पिट आणि निकाल दिसतो. लिस्बोआ स्टँडमधून खरा खेळ दिसतो. सगळ्या दिवसांसाठी पैसे असतील तर एक दिवस मुख्य स्टँड आणि बाकी सगळे लिस्बोआ. कमी असतील तर गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार लिस्बोआला काढा, रविवार सोडलात तरी चालेल.

लिस्बोआ म्हणजे काय ते समजून घ्या. सुरुवातीची सरळ रेषा संपली की रिझर्वॉयरचं हलकं वळण, मग मँडरिनचं उजवं, आणि या सगळ्यात ड्रायव्हर ॲक्सिलरेटर जवळजवळ सोडतच नाही. त्यानंतर लांब सरळ रस्ता आणि अचानक समोर भिंत, उजवीकडे काटकोन. संबंध ट्रॅकवर पुढच्याला मागे टाकायची खात्रीची जागा ही एवढीच. पुढे सान फ्रान्सिस्को टेकडीचा चढ लागला की रस्ता आवळत जातो, आणि मेल्कोच्या हेअरपिनवर, म्हणजे जवळजवळ उलट फिरवणाऱ्या वळणावर, तो ७ मीटरच उरतो. तिथे एकामागे एक, रांगेनेच जायचं. त्यामुळे जे काही करायचं ते लिस्बोआला. २०१८ मध्ये इथेच एफ-३ (फॉर्म्युला ३, उघड्या चाकांच्या एकआसनी गाड्या) च्या रेसमध्ये सोफिया फ्लोर्शची गाडी कठड्यावरून उडून गेली होती. ती बरी झाली आणि पुढच्याच वर्षी परत इथे उतरली.

शुक्रवारी मी पात्रता फेरी तिथून पाहिली. गाड्या येताना आधी ऐकू येतात, दिसत नाहीत. मग ब्रेक लागतो आणि मागची चाकं हलकी होतात, आतल्या बाजूचं मागचं चाक चक्क जमिनीवरून उचललं जातं. पुढचं ओढतंय आणि मागचं हवेत, अशी गाडी वळणात शिरते. चांगला ड्रायव्हर आणि फार चांगला ड्रायव्हर यातला फरक बाहेर पडताना कळतो. डाव्या बाजूचा आरसा कठड्याला घासून जाईल इतकी गाडी बाहेर येऊ देणारे थोडेच. दुपारी कठड्याच्या रंगावर ओळीने काळे ओरखडे उमटले होते, सगळे एकाच उंचीवर.

आणि क्रेन. मकाऊत ट्रॅकला लागून क्रेन उभ्या असतात, कारण फुटलेली गाडी ठेवायला बाजूला जागाच नाही. त्या फेरीत एक गाडी वळणात सरळ जाऊन आदळली. लाल झेंडा, म्हणजे सगळ्यांनी थांबायचं. ड्रायव्हर हात वर करून बाहेर आला, तोवर मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचे मदतनीस, पट्टे घेऊन धावत होते. चौघांनी चार बाजूंनी पट्टे अडकवले, एकाने हात गोल फिरवला आणि गाडी कठड्यावरून पलीकडे गेली. दोघे झाडू घेऊन काचा लोटत होते, तिसरा तेलावर पावडर टाकत होता. कोणी कोणावर ओरडलं नाही. हे लोक वर्षभर दुसऱ्या नोकऱ्या करतात आणि नोव्हेंबरात इथे उभे राहतात. त्यांच्या हातांतली सफाई पाहून मला रेसइतकाच आनंद झाला. लाल झेंडा लागला की बरेच प्रेक्षक खायला उठतात. तुम्ही उठू नका.

संध्याकाळी ट्रॅक पुन्हा रस्ता होतो. गाड्या, बस, स्कूटर सगळं सुरू. त्या वेळी ट्रॅक पायी फिरा, यासाठी एक संध्याकाळ राखूनच ठेवा. लिस्बोआपासून सुरू करून इस्पितळाचा चढ, मॅटर्निटी, सॉलिट्यूड, मग डोना मारिया आणि मेल्को, अशी ही वळणं. टीव्हीवर हा ट्रॅक सपाट वाटतो, पाय दुखले की चढ कळतो. मेल्कोला मी बराच वेळ फुटपाथवर उभा होतो. सिटी बस वळायला आली की समोरच्या गाडीला थांबावं लागत होतं. दिवसा इथूनच रेसच्या गाड्यांची अख्खी रांग गेलेली. सॉलिट्यूडजवळ कठड्यात एक टायर इतका दाबून बसला होता की बोल्ट वाकलेला दिसत होता. मधल्या भागाला फुटपाथ अरुंद आहे, गडद कपडे घालून जाऊ नका. आणि गिया टेकडीवरून रेस फुकटात दिसेल या आशेवर वर चढू नका. झाडं आड येतात, पादचारी पुलांनाही पडदे लावलेले असतात. टेकडी चढायची ती १८६५ च्या दीपगृहासाठी.

ग्रां प्रीचं संग्रहालय गावातच आहे, नव्याने बांधलेलं, आणि तीन-चार तास सहज जातात. जुन्या गिया रेसच्या गाड्या जवळून बघता येतात. रॉब हफ या ड्रायव्हरने या रस्त्यांवर टूरिंग गाड्यांमध्ये सगळ्यांपेक्षा जास्त विजय मिळवले. त्याचं नाव इथे लहान मुलांनाही माहीत असतं.

गोव्याच्या वाचकांसाठी थोडं वेगळं. १८४४ पर्यंत मकाऊचा कारभार गोव्याच्या पोर्तुगीज राज्याला जोडलेला होता. ‘बारा’ भागात मूरिश बॅरॅक्स नावाची पिवळी-पांढरी, कमानींची इमारत आहे. ती १८७४ मध्ये गोव्याहून आणलेल्या शिपायांच्या तुकडीसाठी बांधली. आज तिथे बंदर खात्याचं कार्यालय आहे, पण व्हरांड्यात जाता येतं. मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ, तेव्हा चुकवू नका. रस्त्यांच्या निळ्या-पांढऱ्या फरशीच्या पाट्या पणजीच्या फोंतेन्यास भागाची आठवण देतात. इथल्या घरगुती स्वयंपाकात बालिशांव आहे, कोळंबीचं ते आपल्या बालशांवचं नातेवाईक. नारळाच्या दुधाचं बेबिंकाही मिळतं, फक्त थरांचं नाही, खरवसासारखं एकसंध. शाकाहारी मंडळींना मात्र जपून राहावं लागेल, भाजीच्या पदार्थातही डुकराचं मांस बारीक करून घातलेलं असतं. भारतीय हॉटेलं आहेत, दर जरा चढे. स्टँडमध्ये खाण्याची निवड तोकडी, सोबत दशम्या-चटणी असली तर दुपार निघते. पाण्याच्या बाटल्यांचे आणि पिशव्यांचे नियम तिकिटावर लिहिलेले असतात, ते आधी वाचा.

बारीकसारीक राहिलेलं. कानात घालायचे बोळे हवेतच, लहान मुलं बरोबर असतील तर कानांवरचे जाड हेडफोन घ्या. नोव्हेंबर मध्यात हवा छान असते, पण दुपारचं ऊन स्टँडमध्ये भाजतं, टोपी हवी. छत्री उघडली की मागचे ओरडतात, पावसासाठी रेनकोट घ्या. हाँगकाँगचं सिम मकाऊत चालेलच असं नाही, दोन्हीकडे चालणारं मुद्दाम मागून घ्या. ट्रॅकचे रस्ते पहाटेपासून बंद असतात आणि बसचे मार्ग बदलतात, म्हणून सकाळी हॉटेलातून नेहमीपेक्षा तासभर आधी निघा. टॅक्सीच्या भरवशावर राहू नका. रविवारी रेस संपल्यावर अख्खं गाव एकदम हाँगकाँगकडे निघतं. त्या रात्रीची बोट हवी असेल तर तिकीट आधीच काढून ठेवा, नाहीतर सरळ सोमवार सकाळची बस धरा.