काकांचा टीव्ही बंद नव्हताच

ठाण्यातल्या किसननगरच्या त्या इमारतीचा जिना चढत होतो. माझी बॅग बघून पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी थांबवलं. "टीव्हीवाले ना? वरच्या काकांना जरा सांगा हो. तीन रात्री झाल्या, टीव्ही मोठ्यानं लावून ठेवतात. डोळ्याला डोळा नाही आमच्या."

मी पुतण्याचा मेसेज पुन्हा वाचला. 'काकांचा 32 इंची टीव्ही पूर्ण बंद. पॅनल गेलंय असं कळलंय. तरी एकदा बघून जा.'

वर दार उघडंच होतं. आत बातम्या मोठ्यानं चालल्या होत्या आणि भिंतीवरचा पडदा काळाकुट्ट. काका खिडकीपाशी पेपर वाचत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यांना कळलं.

काका 31 वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या मशीनवर, होते. कान तिथेच गेले. त्यांच्यासाठी टीव्ही म्हणजे बातम्यांखालून सरकणारी पट्टी आणि क्रिकेटचा स्कोअर. काकू लेकीच्या बाळंतपणासाठी चिपळूणला गेलेल्या, म्हणून घरात आवाज ऐकणारं कुणीच नव्हतं. रिमोट दाबला की कोपऱ्यातला लाल दिवा विझायचा, पडदा काळाच राहायचा, म्हणून काकांनी टीव्ही गेला असं धरलं. चालू होतो का बघायला सगळी बटणं दाबली, त्यात आवाज चढला तो चढलाच.

पुतण्यानं काळ्या पडद्याचा फोटो काढून एका मेकॅनिकला पाठवला होता. उत्तर आलं, पॅनल गेलं, नवीनच घ्या. याचा मला खरोखर राग येतो. फोटोत आवाज येत नाही, आणि काळा पडदा अनेक कारणांनी होतो. त्यातलं सगळ्यात महागडं कारण न बघताच सांगून टाकायचं?

काकांना कसं सांगावं कळेना. शेवटी त्यांचा हात धरला आणि तळवा टीव्हीच्या मागच्या बाजूला स्पीकरजवळ टेकवला. ते दचकलेच. मग दोन्ही हात लावून पाहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी वहीत लिहिलं, 'तीन दिवस चालूच आहे.' त्यांनी पहिल्यांदा बोट खालच्या मजल्याकडे केलं. मी मान हलवली. त्यांचा चेहरा उतरला.

मी खोलीत अंधार केला आणि पडद्याला लागून तिरका टॉर्च मारला. उजेडाच्या त्या गोलात निवेदिकेचा चेहरा फिकट दिसला, खाली पट्टीही सरकत होती. आपण एलईडी टीव्ही म्हणतो, पण चित्र उमटतं ते एलसीडी पॅनलवर आणि त्याला स्वतःचा उजेड नसतो. मागच्या एलईडीच्या पट्ट्या उजेड देतात. काकांनी टॉर्च माझ्या हातून घेतला आणि तेवढ्या उजेडात पट्टीवरची अख्खी बातमी वाचून काढली.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून त्या मॉडेलच्या एलईडी पट्ट्या आणल्या. संच 750 रुपयांना पडला. पलंगावर गादी सारखी करून वर धुतलेली चादर घातली आणि टीव्ही पालथा ठेवून उघडला. प्लग काढला तरी सप्लाय बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, 300 व्होल्टच्या वर दाब उरू शकतो, म्हणून तो आधी डिस्चार्ज केला.

खरी भीती पुढे असते. पॅनलची काच पातळ, आणि तिच्या कडेला चिकटलेल्या फिती त्याहून नाजूक. एक फीत फाटली की मग खरंच पॅनल गेलं. मला दुसरे दोन हात हवे होते. उचला, थांबा, सावकाश, हे सगळं तोंडानं सांगायची माझी सवय. काकांना कसं सांगणार?

त्यांनीच वहीत लिहिलं, 'प्रेसवर कुणालाच ऐकू यायचं नाही. डोळ्यांनी सांगायचं.'

मग आम्ही समोरासमोर उभे राहिलो. मी पापणी मिटली, आम्ही उचललं. भुवई वर, थांबलो. काच दोघांच्या हातात सारख्या उंचीवर होती, एक बाजू केसभरही खाली गेली नाही. माझ्या हाताखाली चांगली शिकलेली पोरं काम करून गेली आहेत, पण इतक्या स्थिर हातांनी काच धरलेली मी पाहिली नव्हती.

उजेड सारखा पसरवणाऱ्या डिफ्युझर शीट क्रमानं बाजूला ठेवल्या. आत तीन पट्ट्या, 18 एलईडी, सगळ्या एका माळेत. मधल्या पट्टीवरच्या एकीवर काळा ठिपका. एक तुटली की माळेतला प्रवाह थांबतो आणि उरलेल्या 17 ही विझतात. तरी मी तिन्ही पट्ट्या बदलल्या. एलईडींवरच्या जुन्या पिवळट भिंगांशेजारी एकच नवी पट्टी लावली तर पडद्यावर डाग दिसतो, आणि जुन्यांपैकी पुढची कधी जाईल सांगता येत नाही. सेटिंगमध्ये बॅकलाइट, म्हणजे हा मागचा उजेड, 100 वर होता, तो 60 वर आणला. एलईडी तापतात कमी, टिकतात जास्त.

चित्र आलं. काकांनी पट्टी वाचली, मग उठून तळवा टीव्हीच्या मागे टेकवला आणि दुसऱ्या हातानं रिमोट दाबायला लागले. आवाज 22, 15, 9. मला आता जेमतेम ऐकू येत होतं, त्यांना अजून हाताला थरथर लागत होती. शून्यावर आल्यावर त्यांनी हात काढला, पायात चप्पल घातली आणि मी पैसे मोजत असतानाच पहिल्या मजल्यावर उतरून गेले.