कंपासपेटीतला परका खोडरबर

मंगळवार, रात्री

मुलाने दुसऱ्याची वस्तू उचलून घरी आणली की "तू घेतलास का?" हा प्रश्न पालकांच्या तोंडून आधी काढून टाकायला हवा. खोडरबर कंपासपेटीत समोर दिसतोय, तो आपला नाही हेही ठाऊक आहे, मग विचारायचं कशाला? सात-आठ वर्षांचं पोर घाबरून "नाही" म्हणतं आणि चोरीला खोटं येऊन चिकटतं. त्यापेक्षा सरळ सांगावं, "हा आपला नाही. उद्या शाळा भरायच्या आधी परत द्यायचा, मी सोबत येते." दोन मिनिटांत विषय संपवायचा. भाषण नको.

परत करणं वर्गासमोर नको. बाईंशी आधी बोलून ठेवावं, मुलाचं वाक्य घरीच ठरवावं: "हा तुझा आहे, मी घेतला होता, सॉरी." एकदा 'चोर' हे नाव पडलं की वर्गात हरवलेली प्रत्येक पेन्सिल त्याच्याच नावावर जाते. मग खरं बोलून त्याला मिळणार काय?

पैसे उचलले असतील तर फेड खाऊच्या पैशांतून. इथे बहुतेक घरांचं गणित चुकतं. आठवड्याला २० रुपये मिळतात आणि ५० उचलले, तर दर आठवड्याला १० कापावेत. पाच आठवड्यांत फिटतात. रागाच्या भरात सगळे २० कापले की खिसा रिकामा आणि हात पुन्हा पाकिटाकडे. सहाव्या आठवड्यात विषय काढायचा नाही, पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही. मधल्या काळात पैसे कुलपात ठेवावेत, पण परीक्षा म्हणून मुद्दाम टेबलावर नोट ठेवू नये. तो सापळा झाला.

मार दिला की खोटं थांबतं, हा समज काही जात नाही. तलवार आणि ली या मानसशास्त्रज्ञांचा २०११चा अभ्यास पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांवरचा आहे. कडक शिक्षेच्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली, शिवाय ते जास्त सफाईने निभावूनही नेलं. धाकाने मूल खोटं बोलण्यात तरबेज होतं, एवढंच.

खोटंही सगळं एका जातीचं नसतं. "आमच्याकडे दोन गाड्या आहेत" ही बढाई. तिथे उलटतपासणी नको, मुलाला कमीपणा कुठे वाटतो ते बघावं. चंचल मुलाचं "गृहपाठ झाला" हे बऱ्याचदा विचार करण्याआधीच तोंडातून गेलेलं असतं. त्याला म्हणावं, "दहा मिनिटांनी पुन्हा विचारते, उत्तर बदललंस तरी चालेल." आणि बदललं तर खरंच चालू द्यावं! "खरं सांग, ओरडणार नाही" म्हणून नंतर ओरडलं, तर पुढच्या वेळी कोण सांगेल?

तीन आठवडे एका वहीत टिपावं: तारीख, वेळ, काय गेलं, कुणाचं, त्याआधी काय घडलं. कधी भूक निघते, कधी घरात आलेलं नवं बाळ, कधी पैसे आणायला धमकावणारा मोठा मुलगा. धमकी असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करावा. चोरीसोबत प्राण्यांना इजा, आगी लावणं, घरातून पळणं असेल तर वहीवर थांबू नये, बालमानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

आणि हो, आजी. हप्ते चालू असताना ती हळूच दहाची नोट मुलाच्या मुठीत कोंबते. तिला पहिल्याच दिवशी बसवून सगळा हिशेब सांगावा.