कापलं की सेकंदात नवीन कातडी: फायसॅरमचं मेंब्रेन आणि त्याचं चालणं

स्लाइम मोल्डबद्दल (बुरशीसारखा दिसणारा, पण बुरशी नसलेला जीव) नेटवर जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक भूलभुलैयापाशीच येऊन थांबतं. जपानी संशोधक नाकागाकींचा २००० सालचा तो प्रयोग, ज्यात त्याने भूलभुलैयातून अन्नापर्यंतची सगळ्यात छोटी वाट शोधली, मग २०१० मध्ये टोकियोच्या रेल्वेसारखं विणलेलं जाळं, आणि शेवटी "मेंदू नाही तरी हुशार". प्रयोग जबरदस्त आहेत, वादच नाही, पण मला विचाराल तर या जिवाची खरी कमाल त्याच्या मेंब्रेनमध्ये, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पटलात आहे आणि त्यावर कोणी फारसं बोलत नाही म्हणून आज तेच लिहितेय.

फायसॅरम पॉलिसेफॅलम म्हणजे हाच प्रयोगांतला स्लाइम मोल्ड, पिवळाजर्द, ओल्या कुजक्या लाकडावर नाहीतर पाचोळ्यात पसरणारा. तळहाताएवढा झाला तरी एकच पेशी! आत प्रचंड संख्येने केंद्रकं, पण मधे भिंती नाहीत, सगळ्यांना मिळून बाहेरून एकच पटल. आपल्या अंगातली एखादी पेशी फुटली तर बाकीच्या कोट्यवधी असतात, इथे पेशी फुटली म्हणजे अख्खा जीवच उघडा पडला. आणि हा तर खडबडीत सालीवरून सरपटतो, किडे त्याला कुरतडतात, म्हणजे फाटणं रोजचंच.

मग फाटल्यावर होतं काय? त्याची एखादी शीर (पेशीद्रव्य वाहणारी नळी) सुईने टोचली की आतल्या दाबाने पेशीद्रव्याचा थेंब बाहेर येतो, अगदी उघडा, वर कसलंच आवरण नाही. आणि काही सेकंदांत त्याच्यावर नवीन मेंब्रेन तयार! जर्मनीत बॉनला वोलफार्ट-बॉटरमान आणि श्टोकेम यांनी १९७० च्या सुमारास इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे बारकाईने पाहिलं. दुधावर साय धरते तसं वरवर वाटतं, पण साय म्हणजे तापवलेल्या दुधातली चरबी आणि प्रथिनं वर जमून धरलेला थर, इथे पेशीद्रव्यात आधीपासूनच पटलाच्या बारीक पिशव्या तरंगत असतात आणि त्या उघड्या कडेला येऊन एकमेकींत मिसळतात, म्हणजे कच्चा माल कायम तयार. यासाठी कॅल्शियम लागतं, ते नसेल तर पटल नीट जुळत नाही. डिक्टिओस्टेलियम हा दुसरा स्लाइम मोल्ड, त्याच्या सुट्या अमीबांना (एकेकट्या फिरणाऱ्या पेशींना) जपानमध्ये युमुरा यांनी लेझरने भोकं पाडून बघितली, तिथेही बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं, ॲक्टिन (धागे बनवणारं प्रथिन) जखमेपाशी गोळा होतं आणि काही सेकंदांत भोक बंद.

पण मला खरं वेड लागलंय ते पुढच्या भागाचं. तो थेंब पटल घालून गप्प बसत नाही. पटलाच्या आतल्या बाजूला ॲक्टिनचे धागे जमायला लागतात, बाहेरचा थर घट्ट होतो, आतला पातळ राहतो, पटलाला आत वळलेल्या घड्या पडतात आणि साधारण दहा-वीस मिनिटांत थेंब आपणहून आकसायला-फुगायला लागतो, ठेक्यात! त्याला कोणी सांगितलं नाही, मूळ जिवाशी संबंध तुटलेला आहे, ठेका ठरवणारं केंद्र वगैरे मुळात कुठेच नाही. आधी कातडी, मग तिच्याखाली ओढणारे धागे, मग ठेका, आणि त्या ठेक्यातूनच चालणं. माझ्या मते मेंब्रेनची दुरुस्ती आणि हालचाल हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवणंच चूक आहे.

चालणं म्हणजे नेमकं काय तेही बघा. शिरांचा बाहेरचा घट्ट थर आकसतो, आतलं पातळ द्रव्य ढकललं जातं, कधी सेकंदाला एक मिलीमीटरच्याही वर वेग, एका पेशीच्या आत! मग मिनिट-दोन मिनिटांनी प्रवाह थांबतो आणि उलटा वळतो. पुढे थोडं जास्त, मागे थोडं कमी, असं करत तासाभरात जीव काही सेंटिमीटर सरकतो. नोबुरो कामिया यांनी १९४० च्या आसपास यासाठी एक सुंदर युक्ती काढली, दोन कप्पे, मधून जाणारा एकच धागा, आणि एका कप्प्यात हवेचा दाब असा ठेवायचा की प्रवाह जेमतेम थांबेल, मग जेवढा दाब द्यावा लागला तेवढाच जिवाचा जोर. तो सतत मोजत राहिलं की लाटेसारखा आलेख मिळतो. इतकं साधं आणि इतकं अचूक काम मी फार कमी वाचलंय.

जोर येतो आपल्या स्नायूंतल्याच प्रथिनांच्या जोडीकडून, ॲक्टिन आणि त्याचे धागे ओढणारं मायोसिन. हातानो आणि ओसावा यांनी १९६६ मध्ये फायसॅरममधून ॲक्टिन वेगळं काढलं आणि स्नायू नसलेल्या जिवातही ते असतं हे पक्कं झालं. फरक एवढाच की आपल्या स्नायूत कॅल्शियम वाढलं की आकुंचन होतं आणि इथे कोहामा या संशोधकांच्या कामानुसार ते उलट ॲक्टिन-मायोसिनच्या ओढीला लगाम घालतं. म्हणजे फाटल्यावर पटल जुळवायला कॅल्शियम आणि ठेका सांभाळायलाही कॅल्शियम, एकाच गोष्टीकडून किती कामं!

आणि हे पटल जसं जुळतं तसंच ते मुद्दाम उघडतंही. एकाच जातकुळीचे दोन तुकडे शेजारी ठेवले की भिडलेल्या जागी पटलं एकमेकांत मिसळतात, शिरा जोडल्या जातात आणि दोघांचे वेगवेगळे ठेके थोड्या वेळाने जुळतात. जातकुळी वेगळी असेल तर बऱ्याचदा मिसळतच नाहीत.

घरी बघायचं असेल तर फार काही लागत नाही, त्याचा वाळलेला सुप्त तुकडा ओल्या आगरवर (जेलीसारख्या थरावर) ठेवायचा, ओट्सचे दाणे, अंधार, आणि शिरांमधला प्रवाह बघायला कॉलेजचा साधा मायक्रोस्कोप कमी मॅग्निफिकेशनवरही पुरतो. फक्त प्रवाह उलटेपर्यंत डोळा हलवू नका.