क्लासिकल गिटार हातात आली की आधी काय बघायचं

जळगाव, धुळे, भुसावळच्या वाद्यांच्या दुकानांत टांगलेल्या गिटारी बहुतेक स्टीलच्या तारांच्या आणि कारखान्यातल्या असतात. कारागिराने एकेक करून बनवलेली, नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार हवी असेल तर मुंबई-पुण्याला जाऊन पाहावी लागते, नाहीतर थेट बनवणाऱ्याकडून मागवावी लागते. पाहायला वेळ मिळतो तासभर, आणि किंमत अशी की निवड चुकली तर ती पुढची कित्येक वर्षं सलत राहते. त्यामुळे त्या तासात काय तपासायचं आणि कुठल्या दोषावर व्यवहार सोडून उठायचं, हे आधीच ठरलेलं बरं.

नंतर बदलता येणाऱ्या गोष्टीवरून गिटार नाकारू नका, आणि कधीच बदलता येणार नाही अशा गोष्टीकडे काणाडोळा करू नका. तारा, सॅडल (तारा खालच्या टोकाला जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी), नट (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी), एखादी उंच राहिलेली फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) ही चांगल्या कारागिराची एका दुपारची कामं. मानेचा कोन, टॉपची, म्हणजे भोक असलेल्या पुढच्या फळीची, बोलण्याची पद्धत आणि वरच्या सुरांचा दम हे गिटारीबरोबरच जन्माला येतं. गिऱ्हाईक नेमकं उलटं वागतं. तार उंच लागली म्हणून उत्तम वाद्य परत ठेवतं आणि खर्ज घुमला म्हणून कमजोर वाद्य घरी आणतं.

सोबत न्यायचं सामान थोडं आहे: अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली १५ सेंटीमीटरची स्टीलची पट्टी, फोनमध्ये ट्यूनर, छोटा आरसा, बारीक टॉर्च, कागदाचा तुकडा, डिजिटल आर्द्रतामापक आणि फीलर गेज. फीलर गेज म्हणजे ठराविक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा; ते ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं, मोटारसायकलचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तेच.

सुरुवात तारांच्या उंचीपासून करा. गिटार सुरात लावून, मांडीवर वाजवायच्या स्थितीत धरून, बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. पहिली तार ३ मिलिमीटर आणि सहावी ४ मिलिमीटर हे क्लासिकलचं सर्वसाधारण माप. हलका हात असेल तर २.८ आणि ३.८ चालतं. सहावी ४.५ च्या वर गेली की बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून) धरताना डावा अंगठा दुखायला लागतो.

उंची जास्त निघाली तर लगेच सॅडलकडे पाहा. ब्रिजच्या, म्हणजे टॉपवर चिकटवलेल्या, तारा बांधायच्या लाकडी तुकड्यातून हाडाची पट्टी किती वर दिसते? बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं, कारण बारावी फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असते. म्हणजे सहावी तार ५ मिलिमीटरवर असेल आणि ती ४ वर आणायची असेल तर सॅडलमधून २ मिलिमीटर जाणार. एवढं घासूनही दीड-दोन मिलिमीटर हाड ब्रिजच्या वर उरलं पाहिजे. नाहीतर तारा सॅडलवरून नीट कोनात खाली वळत नाहीत, टॉपवर दाब कमी पडतो आणि आवाज पोचट होतो. तार उंच आणि सॅडल मात्र आधीच घासून संपलेलं, अशी गिटार दिसली तर दोष मानेच्या कोनात आहे. स्पॅनिश पद्धतीत मान आणि बाजू एकाच जोडात बांधलेल्या असतात, ती मान काढून पुन्हा बसवणं म्हणजे अर्धी गिटार उकलणं. आवाज कितीही आवडला तरी इथे थांबावं.

मानेचा बाक तपासायला सहावी तार पहिल्या आणि बाराव्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी फीलर गेजचं पातं सरकवा. ०.१ ते ०.३ मिलिमीटरची फट हवी. फट अजिबातच नसेल तर मान सपाट किंवा उलटी वाकलेली आहे. पारंपरिक क्लासिकल गिटारीत मानेच्या आत लोखंडी सळई नसते, त्यामुळे पाना फिरवून हे सुधारत नाही.

मग प्रत्येक तारेवर एकेक फ्रेट वाजवत जा. १९ फ्रेट आणि ६ तारा, घाई न करता. तंबोऱ्यात जवारी हवीच असते, गिटारीत तीच झणझण दोष ठरते, आणि ती कुठे येते त्यावरून कारण कळतं. एकाच सुरावर आली तर त्याच्या पुढची फ्रेट उंच आहे. फक्त मोकळ्या तारेवर आली तर नटची खाच जास्त खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर सगळीकडे आली तर मानेला बाक कमी. बाराव्याच्या पुढे आली तर मान जिथे पेटीला मिळते तिथे पाटी, म्हणजे फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी, वर उठली आहे. कुठल्याच फ्रेटशी संबंध नसलेली झणझण मात्र दुसरीकडून येते. टॉपला आतून आधार देणारी पण सुटलेली काडी, सैल झालेली खुंटीची चकती, किंवा ब्रिजच्या मागे टॉपला टेकलेलं तारेचं टोक. हे शेवटचं कारण फार वेळा निघतं, आणि कात्रीने टोक कापलं की संपतं.

नट उंच आहे का हे पाहायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा. पहिल्या फ्रेटवर कागद जाईल एवढीच फट हवी. याहून जास्त असेल तर पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड विनाकारण जड जातो आणि सूरही चढा लागतो.

हाताला गिटार बसते का, याबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. बोटं लहान म्हणून ६५० ऐवजी ६४० मिलिमीटरची तारलांबी मागतात. नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर ६५० वर १३४ मिलिमीटर आणि ६४० वर १३२. फरक दोनच मिलिमीटरचा! हाताला जाणवते ती मानेची जाडी आणि तिच्या पाठीची गोलाई. पहिल्या फ्रेटपाशी जाडी २१ ते २३ मिलिमीटर आणि नटची रुंदी ५२ च्या आसपास असते. पहिली तार पाटीच्या कडेपासून निदान ३ मिलिमीटर आत हवी, नाहीतर मींडेसारखं ओढताना ती कडेवरून घसरते.

आता आवाज. यात कानाला सगळ्यात जास्त फसवते ती खोली. आपल्याकडच्या टाइल्सच्या मोकळ्या हॉलमध्ये कुठलीही गिटार गोड लागते. पडदे, गाद्या, गोधड्या असलेल्या खोलीत वाजवून पाहा, धाब्याचं जुनं घर असेल तर फारच उत्तम. मातीच्या भिंती आवाजाला काही उसनं देत नाहीत. दुकानात असाल तर निदान कपाटाकडे किंवा कपड्यांकडे तोंड करून बसा.

तोंड भोकाजवळ नेऊन खालच्या सुरात गुणगुणा आणि सूर हळूहळू वर सरकवा. एका ठिकाणी पेटी एकदम आतून हुंकार देते. तो आतल्या हवेचा सूर. बहुतेक क्लासिकल गिटारींत तो सहाव्या तारेच्या दुसऱ्या ते चौथ्या फ्रेटच्या आसपास, म्हणजे एफ शार्प ते जी शार्पच्या टापूत सापडतो. तो बरोबर एखाद्या फ्रेटच्या सुरावर बसला असेल तर तो सूर फुगून येतो आणि लगेच मरतो. दोन सुरांच्या मधे असेल तर कोणाचंच बिघडत नाही. सहावी तार मोकळीपासून सातव्या फ्रेटपर्यंत एकाच जोराने वाजवा. मग त्याच्याच वरच्या सप्तकात, चौथ्या तारेवर तिसऱ्यापासून सातव्या फ्रेटपर्यंत. तिथे टॉपचा स्वतःचा मुख्य सूर असतो. थोडा चढउतार प्रत्येक वाद्यात सापडतो. एखादा सूर ठोकळ्यासारखा थबकत असेल तर मात्र तो जन्मभर तसाच राहणार.

खर्जाने भुलू नका. खर्ज साध्या गिटारीतही घुमतो. कारागिराची परीक्षा पहिल्या तारेवर पाचव्या ते बाराव्या फ्रेटमध्ये होते. तिथला सूर भरीव आहे की पातळ? त्याला आस आहे की टक् करून विझतो? बाराव्याच्या पुढे, सतराव्या-एकोणिसाव्या फ्रेटवरही सुराला अंग असेल तर हे वाद्य हातचं सोडू नये.

मग एकच सूर चार ठिकाणी वाजवा: पहिली तार मोकळी, दुसरी पाचव्या फ्रेटवर, तिसरी नवव्यावर, चौथी चौदाव्यावर. चारही जागी ई तोच. रंग वेगळा लागणारच आणि लागायलाच हवा, पण वजन सारखं हवं. तिसऱ्या तारेवर सूर बसका लागला तर लगेच गिटारीला दोष देऊ नका. नायलॉनची तिसरी तार जाडीमुळे मुळातच मंद असते, तिथे कार्बनची तार लावली की बरंच उजळतं. तारा किती जुन्या आहेत हेही विचारा, कारण मळलेल्या खर्जाच्या तारांवर कुठलीही गिटार थकलेलीच लागते.

हळू वाजवून पाहणं लोक विसरतात. अगदी नखाच्या स्पर्शाने वाजवलेला सूर स्पष्ट येतो का, आणि पूर्ण जोराने वाजवल्यावर तो फाटतो का, या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे वादकाला मिळालेली जागा. ब्रिजजवळ आणि पाटीजवळ वाजवून रंग किती पालटतो तेही ऐका. शेवटी दुसऱ्या कोणाला वाजवायला सांगून सात-आठ मीटरवर उभे राहा. मांडीवर दणदणीत वाटणारी गिटार लांबून धूसर लागते, आणि उलटही होतं.

सूर जुळतो का ते बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दोन-तीन सेंटचा (एका फ्रेटच्या सुरापासून पुढच्या फ्रेटच्या सुरापर्यंतच्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) फरक सोडून द्या. एकाच तारेवर जास्त आला तर तारच सदोष असू शकते. सगळ्याच तारा सात-आठ सेंटनी चढ्या निघाल्या तर ब्रिजच चुकीच्या जागी चिकटलेला असण्याची शक्यता मोठी.

टॉप स्प्रूसच्या लाकडाचा की सीडरच्या, यावर वाद घालण्यात वेळ जातो. सीडर पहिल्या दिवसापासून मोकळा बोलतो, स्प्रूस सुरुवातीला आखडलेला असतो आणि वाजवत गेल्यावर सैलावतो. पण 'दोन वर्षांनी उघडेल' या भरवशावर मुकी गिटार घेऊ नये. आज जे सूर कमजोर आहेत ते पुढेही बाकीच्यांच्या मागेच राहतात. आतल्या काड्यांचंही तसंच. आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) याने रूढ केलेली पंख्यासारखी मांडणी आजही बहुतेक कारागीर वापरतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग स्मॉलमन यांची जाळीदार मांडणी आणि जर्मनीच्या माथियास डामन व गेर्नोट वाग्नर यांनी पुढे आणलेला दुपदरी टॉप मोठ्या सभागृहात आवाज दूर पोचवतात. घरातल्या रियाजाला आणि छोट्या बैठकीला पंख्याची मांडणी जास्त रंग देते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या खान्देशात यावर आणखी एक थर चढतो, हवेचा. मे महिन्यात पारा ४३-४५ अंशांवर आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली. श्रावणात तीच ८० च्या वर. कारागीर साधारण ४५ ते ५० टक्क्यांना गिटार जोडतात. टॉप सर्वात रुंद जागी ३७ सेंटीमीटरच्या आसपास असतो, आणि ४५ वरून २० टक्क्यांवर पूर्ण वाळला तर आडव्या दिशेने दीड-दोन मिलिमीटर आकसू पाहतो. बाजू आणि काड्या त्याला आकसू देत नाहीत. मग टॉप आत बसतो, तारा खाली येऊन झणझणतात, फ्रेटची टोकं पाटीबाहेर येऊन बोटाला टोचतात, आणि शेवटी ब्रिजच्या मागे चीर पडते. पावसाळ्यात उलट. टॉप फुगतो, तार अर्धा मिलिमीटर वर जाते, आवाज ओलसर होतो.

म्हणून मापाशेजारी त्या दिवशीची आर्द्रता लिहा. ऑगस्टमध्ये मुंबईत ३ आणि ४ वर अगदी बरोबर लागलेली गिटार मे महिन्यात जळगावात झणझणणार. दुकानातच फ्रेटची टोकं टोचत असतील तर ती आधीच कोरडी पडली आहे. कडेने टॉर्चचा उजेड टाकून ब्रिजच्या पुढे-मागे टॉप पाहा. मागे हलका फुगवटा चालतो, पुढे खड्डा नको. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवा. तो आत जात असेल तर ब्रिज सुटायला लागला आहे. आरशाने आतल्या काड्यांची टोकंही बघून घ्या.

आर्द्रतामापकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते थोड्या पाण्याने ओलं करा, मापकाबरोबर झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. जेवढं कमी-जास्त दिसेल तेवढी त्याची चूक, ती धरून चाला.

घरी आणताना गिटार उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. बंद गाडीत ६० अंशांच्या वर तापमान जातं, सरस आणि लाखेचं पॉलिश दोन्ही मऊ पडतात. कूलरसमोर तर मुळीच नको. दिवसा ओली हवा आणि रात्री कूलर बंद झाल्यावर कोरडी, हा झोका लाकडाला सतत कोरडं राहण्यापेक्षाही वाईट. केस बंद ठेवा, त्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवा आणि मापक ४५-५५ दाखवतोय ना ते रोज पाहा. पावसाळ्यात स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या.

गिटार बनवून घेत असाल तर कारागिराला दोन गोष्टी सांगा. टॉपवर काड्या चिकटवताना आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवायला, आणि दोन सॅडल द्यायला. दुसरं सॅडल पहिल्यापेक्षा एक मिलिमीटर उंच, खालच्या बाजूला पेन्सिलने 'उन्हाळा' लिहिलेलं. होळीनंतर तारा सैल करून ते बसवायचं, मृगाचा पाऊस लागून टॉप फुगला की पुन्हा पहिलं. बदलताना सॅडल खाचेत हाताच्या दाबाने घट्ट बसलं पाहिजे आणि त्याचा तळ पूर्ण सपाट हवा. तळाशी फट राहिली तर एखाद-दोन तारा बाकीच्यांपेक्षा दबक्या बोलतात.