बाहेरच्या दोरीवरची चादर

मंगळवार, रात्री उशिरा

संध्याकाळी वळीव आला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, बाहेरच्या दोरीवरची चादर काढ आधी, भिजेल." मी गॅलरीच्या दारापर्यंत धावत गेले आणि थांबले. नेहमी थांबते तिथेच, उंबरठ्याच्या आत. बाहेरच्या दोरीसाठी कठड्यावरून ओणवं व्हावं लागतं, आणि खाली आठ मजले.

आई कणकेच्या हातानेच आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तुला कसली भीती? विमानातून उडी मारून आलीस की." टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटतं. तिने चादर ओढून घेतली, खांद्यावर टाकली आणि पोळ्यांकडे गेली. मी पावसाचे शिंतोडे अंगावर घेत तिथेच उभी.

तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. उडी मारून आलीस.

मारली का मी उडी?

दीड महिना झाला दुबईहून येऊन. दादाने पाठवलेला व्हिडिओ मामाकडे, काकूकडे, आईच्या भिशीत, सगळीकडे फिरला. आई सांगताना आकडा विसरत नाही. स्कायडायव्हर शीतल महाजन 2018 मध्ये नऊवारी नेसून 13,000 फुटांवरून उतरली, आणि आमची हीसुद्धा 13,000 फुटांवरूनच! आईच्या तोंडून ते ऐकताना मला उठून आत जावंसं वाटतं. जिने पहिलीच उडी 2004 साली उत्तर ध्रुवावर, उणे 37 अंशांत घेतली, तिच्या शेजारी माझं नाव? तिचं पॅराशूट तिच्या पाठीवर होतं. माझ्या पाठीवर पॅराशूट नव्हतंच, एक माणूस होता. पॅराशूट त्याच्या पाठीवर.

खांद्यांना दोन आणि कमरेला दोन अशा चार कड्यांनी मी त्याला अडकवलेली. दार उघडल्यावर तो उंबऱ्यावर बसला आणि मी त्याच्यापुढे बाहेर लोंबकळले. पाय विमानाच्या पोटाखाली दुमडलेले, हात छातीशी पट्ट्यांवर, मान मागे त्याच्या खांद्यावर. त्या क्षणी माझ्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तो पुढे झुकला आणि आम्ही गेलो. मराठीत उडी मारतात, घेतात, टाकतात. माझ्या बाबतीत जे झालं त्याला यातलं एकही क्रियापद लागू पडत नाही.

आणि भीती वाटलीच नाही. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. वहिनीला त्या रात्री सांगायला गेले होते, पण तिचं स्वतःचंच काही... असो.

पोटात खड्डा पडेल असं वाटलं होतं, तसंही काही झालं नाही. विमान आधीच वेगात असतं, त्यामुळे थांबलेल्या जागेवरून पडल्यासारखं होत नाही. तोंडावर वाऱ्याची भिंत येऊन आदळते, ताशी 200 किलोमीटरची. त्यातसुद्धा मागे एक छोटी छत्री सोडलेली असते, दोघांच्या वजनाने वेग फार वाढू नये म्हणून. एक मिनिट. खाली पाम जुमेरा, समुद्रातलं ते ताडाच्या झाडासारखं बेट, कुणी निळ्या कागदावर काढून ठेवल्यासारखा. तो जवळ येतोय असं वाटतच नव्हतं. मग वरून झटका, आणि इतकी शांतता की मला माझाच श्वास ऐकू आला.

नंतर वाचलं तेव्हा कळलं. तोल सांभाळायला डोळ्यांना जवळचं काहीतरी धरायला लागतं. गच्चीच्या कडेला उभं राहिलं की समोर जवळ काहीच नसतं, शरीर हलकंसं झुलतं, आणि ते डोळ्यांना सावरता येत नाही. चार किलोमीटर वर कडच नाही. उभंही राहायचं नसतं. म्हणजे मी ज्याला घाबरते ते तिथे नव्हतंच.

मग मी नेमकं काय करून आले? पैसे भरले, सही केली, एका अनोळखी माणसाच्या पोटाशी बांधून घेतलं. भीती होती तिथेच आहे, उंबरठ्याच्या आत. फक्त आता "मला भीती वाटते" असं म्हणायचीही सोय राहिली नाही. आधी आई न विचारता चादर काढायची. आता विचारते. हे फार लागलं मला.

हरिहर किल्ला आठवला. खोदलेल्या उभ्या पायऱ्या, हाताला खोबण्या, मागे दरी. पंधरा-वीस पायऱ्या चढून मी खोबणीत बोटं घालून थांबले, खालच्यांना खोळंबवलं, आणि उतरले. बाबा काही बोलले नाहीत, वडापाव आणून दिला. तिथे पुढची पायरी मलाच चढायची होती. आकाशात पायरीच नव्हती.

पण आता लिहिता लिहिता एक आठवतंय. विमान वर जायला बराच वेळ लागतो, आणि तोवर नाही म्हणता येतं. मला बांधून घेतलेल्या त्या माणसाने तसं सांगितलंही होतं. दार उघडायच्या आधी त्याने पट्टे करकचून आवळले आणि विचारलं, जायचं ना? इंजिनच्या आवाजात माझा आवाज गेलाच नसता, म्हणून मी मान हलवली. व्हिडिओत ते आहे. कुणी तिथे थांबून बघत नाही, पुढे उडीकडे जातात. मी आत्ता ते चार वेळा पाहिलं. मान मीच हलवलीय. तेवढी माझी.

आई झोपलीय. पाऊस थांबलाय. ती घाईत चादर ओढून गेली, चिमटे दोरीवरच राहिलेत, दोन. मघाशी गॅलरीत गेले. कठडा ओला, गार. डावा हात त्याला घट्ट धरून उजवा पुढे केला. खाली बघितलं, गुडघे वितळल्यासारखे झाले, तरी अलीकडचा चिमटा निघाला. आत्ता वहीवर ठेवलाय, निळा.

दुसरा पलीकडच्या टोकाला आहे. तो राहू दे आज.