मातकट मंडळी

कढीपत्त्याखालचा पाचोळा खसखसायला लागला की मी चहा तसाच ठेवून कॅमेरा उचलतो. सातभाईच असणार. ऐन दुपारी सगळी सोसायटी पेंगत असते आणि यांची भाऊबंदकी रंगात येते.

फोटोसाठी तसा बिनकामाचा पक्षी. रंग मातकट, शेपटी ढिली, फिकट पिवळ्या डोळ्यांत कायमचा राग. भिगवणला जाऊन रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपणारे मित्र माझे फोटो बघून "लाईट छान आहे" म्हणतात. म्हणोत बापडे. मला एकाच फांदीवर चिकटून बसलेले, एकमेकांच्या मानेची पिसं चोचीनं विंचरणारे सगळेच्या सगळे एका चौकटीत हवे असतात. नेमका एक जण ऐनवेळी टुणकन खाली उतरतो.

आजीच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर अळू माजलेलं असे, तिथे यांचा अड्डा. मांजर फिरकलं की सगळे मिळून असा काही कालवा करत की ते निमूट कौलांवर जाऊन बसे. "मेले एकत्र जेवतात नि एकत्रच भांडतात," म्हणत आजी उरलेला भात तिकडे भिरकावी. "आपल्यासारखेच," असं काका पुढे जोडत, पण हळू आवाजात.

फोटोखाली माहिती लिहायची मला खोड आहे. घरच्या ग्रुपवर ती कुणी वाचत नाही, नुसते जोडलेले हात येतात. तरी परवा लिहिलं की यांच्यात पिल्लांना भरवायला आईबापांबरोबर थव्यातले बाकीचेही राबतात. आणि ज्याच्या तहानेवर कवींनी एवढी शाई सांडली तो चातक पावसाच्या तोंडावर आफ्रिकेतून येतो आणि अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. अंडी दोघांचीही निळी. पावशाचंही तेच. 'पेरते व्हा' म्हणत गावाला कामाला लावायचं आणि स्वतःचं पोर सातभाईंच्या गळ्यात घालायचं!

थोड्या वेळानं आत्याचा मेसेज आला, "परकं पिल्लू आहे हे त्यांना कळत नाही का रे?"

"नाही," असं टाइप केलं. पाठवणार, तेवढ्यात लक्षात आलं. आत्या आजीच्या पोटची नव्हे. दूरच्या नात्यातली, शाळेसाठी म्हणून आली ती लग्न होऊनच त्या घरातून गेली.

पुसलं. "बघून सांगतो," म्हणून कळवलं.